दुधाची वाटी आणि बोक्याची साखर

माझी सगळी नोकरी शिरूर आणि दौंड तालुक्यांत गाई-म्हशींच्या मागं गेली. घोडनदीच्या काठचे गोठे, न्हावरे-चौफुला रस्त्यावरची गावं, भीमेच्या पट्ट्यातला ऊस, हे माझं कार्यक्षेत्र. मांजर घेऊन कुणी दवाखान्यात आलं, तर पूर्वी रांगेतले लोक हसायचे. आता हसत नाहीत. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळं फ्लॅट झाले, मांजरं घरात राहायला लागली. आणि उसात बिबट्या आहे म्हटल्यावर वस्तीवरचे लोकही मांजर रात्री दाराबाहेर सोडत नाहीत. मांजर सुरक्षित झालं, पण त्याची धावपळ थांबली. ताटलीतलं खाणं मात्र कमी झालं नाही.

काही वर्षांपूर्वी दौंडच्या एक आजी आपला बोका टोपलीत घालून आल्या. वय नऊ वर्षं, नसबंदी झालेला, वजन 6.8 किलो. ‘‘डॉक्टर, हा खातोय राक्षसासारखा, पण पाठीचा कणा हाताला लागायला लागलाय. आणि पाणी किती पितो म्हणून सांगू!’’ आधीच्या वर्षी लसीच्या वेळी त्याचं वजन साडेसात किलो भरलं होतं. चालताना तो मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवत होता. भरपूर खाणं, भरपूर पाणी, भरपूर लघवी आणि तरीही उतरणारं वजन, ही मधुमेहाची जुनी ओळख आहे. घोटे टेकवून चालणं ही मांजरातली खास खूण. वाढलेल्या साखरेनं पायांच्या नसांना इजा झाली की ते दिसतं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. वजन दोन तऱ्हेनं उतरतं. इन्शुलिन पुरेसं नसलं की रक्तात साखर असूनही पेशींना ती घेता येत नाही. मग शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी जाळतं. हे उतरणं रोगाचं. दुसरं उतरणं आपण ठरवून, मोजून, हळूहळू घडवतो. ते औषधाचं. जाड मांजराला मधुमेहाचा धोका नेहमीच्या मांजरापेक्षा सुमारे चौपट असतो, कारण चरबी वाढली की इन्शुलिनचा परिणाम बोथट होतो. म्हणून आधी पहिलं उतरणं थांबवायचं आणि मगच दुसरं सुरू करायचं.

निदानातही एक फसगत आहे. मांजर घाबरलं की त्याची साखर एकदम चढते. मधुमेह नसतानाही ती 300 च्या पुढं जाऊ शकते. टोपलीतून, एसटीतून, कुत्र्यांच्या आवाजातून आलेल्या मांजराची एकच तपासणी करून निर्णय घेऊ नये. लघवीतली साखर पाहावी आणि फ्रुक्टोसामाइनची तपासणी करावी. तिच्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते. आम्ही रक्ताचा नमुना सकाळच्या गाडीनं पुण्याला पाठवला. मधुमेह पक्का ठरला.

मग मी आजींना विचारलं, ‘‘हा दिवसभरात काय काय खातो?’’ सकाळी वाटीभर म्हशीचं दूध, त्यात कुस्करलेली पोळी. दुपारी कोरडे दाणे, वाडगा कायम भरलेला. चहाच्या वेळी बिस्किट. रात्री पुन्हा वाटीभर दूध. आपण हिशेब करू. घरात बसणाऱ्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 240 कॅलरी पुरतात. म्हशीच्या दीडशे मिलिलिटर दुधात सुमारे 150 कॅलरी असतात. म्हणजे दोन वाट्या दुधातच त्याचा दिवस संपून वर शिल्लक राहिली. पोळी, दाणे, बिस्किट ही नुसती भर.

आपल्याकडं मांजर म्हटलं की दूध हे समीकरण घट्ट बसलंय. पण मांजर मुळात पक्कं मांसाहारी. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारा रस जवळजवळ नसतो. जेवणानंतरची साखर झटपट आवरणारं यकृतातलं एक विकर त्याच्यात अत्यल्प असतं. इतकंच काय, त्याला गोड चवच कळत नाही. गोडाची चव ओळखणारं जनुक मांजरात निकामी आहे, हे 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. म्हणजे बिस्किट मांजराला गोड लागतं हा आपला समज. त्याला त्यातलं तूप-लोणी आवडत असेल.

म्हणून मधुमेही मांजराचं पथ्य म्हणजे प्रथिनं भरपूर आणि पिष्ट कमी. एकूण कॅलरींपैकी पिष्टाचा वाटा साधारण 12 टक्क्यांच्या आत असावा. पाकिटावर पिष्टाचा आकडा बहुधा नसतो, तो आपण काढायचा. 100 मधून प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी आणि राख वजा करा. राखेचा आकडा नसेल तर कोरड्या खाद्याला 8 आणि ओल्याला 2 धरा. समजा, कोरड्या दाण्यांत प्रथिनं 30, चरबी 10, तंतू 4, पाणी 10, राख 8. उरले 38, म्हणजे सुमारे चाळीस टक्के कॅलरी पिष्टाच्या. ओल्या पाऊचमध्ये प्रथिनं 10, चरबी 4, तंतू 1, पाणी 82, राख 2 असतील तर उरतो फक्त 1. दाणे पाण्यात भिजवले की पिष्ट कमी होतं, असं काहींना वाटतं. तसं होत नाही.

रोजचे तीन पाऊच आजींच्या पेन्शनला जड होते. म्हणून आम्ही दोन पाऊच आणि पन्नास ग्रॅम उकडलेली कोंबडी असं ठरवलं. बेरीज सुमारे 200 कॅलरी. कोंबडी मीठ-मसाल्याशिवाय उकडायची. कांदा-लसूण अजिबात नको, त्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नये. उकडलेलं पाणी फेकायचं नाही, कारण टॉरिन नावाचं मांजराला अत्यावश्यक द्रव्य त्या पाण्यात उतरतं. टॉरिन कमी पडलं तर हृदय कमजोर होतं, हे 1987 मध्ये सिद्ध झालंय. नुसत्या कोंबडीत कॅल्शियमही पुरेसं नसतं. म्हणून घरचं खाणं द्यायचं तर पूरक औषधं डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत.

आता माझी चूक सांगतो. इन्शुलिन मी आधीच सुरू केलं होतं, दर बारा तासांनी, खाण्याबरोबर. खाणं हळूहळू, आठ-दहा दिवसांत बदला, असंही सांगितलं. पण खाण्यातलं पिष्ट कमी झालं की इन्शुलिनची गरजही उतरते, कधी कधी फार झपाट्यानं. म्हणून त्या दिवसांत साखर मोजत राहायची आणि डोस कमी करायचा. हे मी आजींना पुरेसं बजावलं नाही. नवव्या दिवशी पहाटे त्यांचा फोन आला. बोका लडखडत होता, मग आडवा पडून झटके द्यायला लागला. साखर खाली गेली होती. मी म्हणालो, ‘‘मध आहे का?’’ ‘‘मध नाही, केडगावच्या गुऱ्हाळावरची काकवी आहे.’’ काकवीचं बोट हिरड्यांवर चोळायला सांगितलं. तोंडात ओतायची नाही, ती श्वासनलिकेत जाते. बोट दातांमध्येही घालायचं नाही. दहा मिनिटांत बोक्यानं मान उचलली. ताबडतोब दवाखान्यात आणायला सांगितलं आणि इन्शुलिनचा डोस निम्मा केला. आजींनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

त्यानंतर प्रत्येक मालकाला मी चार गोष्टी कागदावर लिहून देतो.

पहिली, सिरिंजची. आपल्याकडं 40 युनिटचं आणि 100 युनिटचं अशी दोन्ही इन्शुलिनं मिळतात. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. 100 चं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं भरलं, तर डोस अडीचपट जातो.

दुसरी, उपाशीपणाची. मांजर जेवलं नाही तर नेहमीचा डोस टोचू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि वजन उतरवायचं म्हणून कधीही उपास घडवू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं.

तिसरी, वेगाची. आठवड्याला वजनाच्या एक टक्का, म्हणजे या बोक्याचे पासष्ट-सत्तर ग्रॅम, एवढंच उतरावं. दोन टक्क्यांवर कधीच नाही. आजी दर रविवारी ओळखीच्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काट्यावर टोपलीसकट बोका ठेवायच्या आणि टोपलीचं वजन वजा करायच्या.

चौथी, गोळ्यांची. माणसाच्या मधुमेहाच्या गोळ्या मांजराला देऊ नका. मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिन आणि वेलाग्लिफ्लोझिन या औषधांना अमेरिकेत 2022 आणि 2023 मध्ये मान्यता मिळाली. पण ती सगळ्या मांजरांना चालत नाहीत. इन्शुलिन घेणाऱ्या मांजराला तर नाहीच, कारण साखर ताब्यात दिसत असतानाही रक्तात घातक आम्ल साठू शकतं.

साडेचार महिन्यांनी बोका 5.6 किलोवर आला. डोस कमी करत करत आम्ही इन्शुलिन थांबवलं. मांजरात असं होऊ शकतं. लवकर निदान, योग्य खाणं आणि इन्शुलिन यांनी थकलेल्या स्वादुपिंडाला उसंत मिळते आणि मधुमेह माघार घेतो. सगळ्यांच्या बाबतीत होत नाही, आणि झालं तरी आजार गेला असं समजू नये. दुधाची वाटी परत आली की तोही परतू शकतो.

आजींना सगळ्यात अवघड काय गेलं, माहीत आहे? सुई नाही, ती त्या दोन दिवसांत शिकल्या. चहाच्या वेळी बोका पायाशी येऊन बसायचा, तेव्हा बिस्किट न देणं. ‘‘त्याच्या डोळ्यांकडं बघवत नाही हो,’’ म्हणायच्या. मग आम्ही तोड काढली. चहाच्या वेळी त्याच्याच दिवसाच्या वाट्यातले कोंबडीचे दोन बारीक तुकडे, तेही घरभर लपवून ठेवायचे, म्हणजे शोधताना चार पावलं चालेल. बोक्याला हवी होती ती आजींची सोबत. ती द्यायला साखर लागत नाही.

तुमचं मांजर एकाएकी जास्त पाणी प्यायला लागलं, तर ‘उन्हाळा आहे’ म्हणून सोडून देऊ नका. वाटी मोजा, वजन करा आणि डॉक्टरांकडं जा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)