अवजड यंत्राची निवड: आधी काम आणि जमीन, मग मशीन

मातीकामासाठी नवे यंत्र घेणे हा लहान-मध्यम ठेकेदाराच्या धंद्यातला फार मोठा एकरकमी खर्च असतो. यंत्र स्वस्त पडले की महाग, हे एक ब्रास माती काढायला किती रुपये लागले यावरून ठरते. त्यामुळे निवडीची सुरुवात कामापासून आणि जमिनीपासून करावी लागते.

महाराष्ट्रात ही निवड बहुतेक वेळा दोन यंत्रांमध्ये असते. एक बॅकहो लोडर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला जेसीबी. दुसरे चेनवर चालणारे एक्स्कॅव्हेटर, म्हणजे पोकलेन. बॅकहो लोडर साधारण ७५ अश्वशक्तीचा आणि साडेसात टनांच्या आसपास वजनाचा असतो. मागच्या हाताने खोदतो, पुढच्या बकेटने भरतो आणि टायरवर असल्यामुळे स्वतःच रस्त्याने पुढच्या कामावर जातो. पाइपलाइनचे चर, घरांचे पाये, शेतातील बांध अशी विखुरलेली कामे असतील तर तोच परवडतो. २० टनी पोकलेनची ताकद जवळपास दुप्पट असते आणि ते सहा मीटरांपेक्षा खोल खोदते. मात्र जागा बदलायची तर लो-बेड ट्रेलर लागतो आणि प्रत्येक खेपेला त्याचे भाडे पडते. एकाच जागी महिनोन्‌महिने चालणाऱ्या तलाव, कालवा किंवा महामार्गाच्या कामातच ते भाडे वसूल होते.

यानंतर जमीन पाहावी. दख्खनच्या पठारावर बहुतेक ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण सापडतो. पावसात काळी माती फुगून मऊ होते आणि टायरचे यंत्र त्यात रुतते. चेनमुळे वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरते, म्हणून अशा जमिनीत रुंद पट्ट्यांची चेन उपयोगी पडते. खडकाळ जमिनीत उलट गरज असते. तिथे अरुंद पट्ट्या टिकतात, बकेट जाड पत्र्याची व पक्क्या दातांची लागते आणि ब्रेकर बसवायचा असेल तर त्याची हायड्रॉलिक लाइन कारखान्यातूनच घेणे सोयीचे ठरते.

यंत्र किती मोठे घ्यावे, हे हिशेबाने काढता येते. ०.९ घनमीटर बकेटचे पोकलेन दर २० सेकंदांना एक बकेट टाकते असे धरू. बकेट ८५ टक्के भरते आणि तासातली ५० मिनिटे प्रत्यक्ष काम चालते असे मानले, तर तासाला सुमारे ११५ घनमीटर, म्हणजे ४० ब्रास सुटी माती निघते. खोदल्यावर माती फुगते. ही फूग २५ टक्के धरली, तर जमिनीतले माप सुमारे ३२ ब्रास भरते. दर ठरवताना हा फरक विसरला तर तोटा होतो. ४० ब्रास माती हलवायला पाच ब्रासच्या टिपरच्या आठ खेपा लागतात. एका खेपेला भरण्यासह अर्धा तास जात असेल, तर चार टिपर हवेत. टिपर दोनच असतील तर निम्मा वेळ मोठे यंत्र नुसते उभे राहील. अशा ठेकेदाराला लहान यंत्रच योग्य.

चालवण्याचा खर्च वर्षानुवर्षे सुरू राहतो. वर्षाला २,००० तास चालणाऱ्या यंत्राने तासाला एक लिटर डिझेल कमी घेतले आणि डिझेल ९० रुपये धरले, तर वर्षाला १ लाख ८० हजार रुपये वाचतात. म्हणून माहितीपत्रकातील आकड्यांवर न थांबता आपल्याच साइटवर डेमो घ्यावा. टाकी काठोकाठ भरून काम सुरू करावे, अवर मीटर पाहावा, दिवसाअखेरी टाकी पुन्हा भरून किती डिझेल लागले ते मोजावे आणि तेवढ्याच वेळात किती ब्रास निघाले तेही मोजावे. चेन, रोलर आणि स्प्रॉकेट झिजल्यावर बदलणे महागात जाते, त्यामुळे त्यांच्या किमती आधीच विचाराव्यात.

बांधकाम यंत्रांच्या धुरासाठी भारतात १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही स्टेज पाच हे निकष आले आहेत. अशा इंजिनात धूर स्वच्छ करणारी यंत्रणा आणि सेन्सर असतात. भेसळीचे डिझेल आणि साइटवरची जोडतोड दुरुस्ती त्यांना चालत नाही. त्यामुळे सर्व्हिस केंद्र किती दूर आहे, मेकॅनिक किती तासांत पोहोचतो आणि फिल्टर, होज, सील जवळ मिळतात का, याचे वजन किमतीइतकेच धरावे. तासाच्या बोलीवर काम घेतले असेल तर यंत्र बंद पडलेल्या दिवसाचे उत्पन्न बुडते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

शेवटी ऑपरेटरचा विचार हवा. केबिनमधून बकेटचे टोक दिसते का, लिव्हर हाताला जमतात का, हे डेमोच्या दिवशी त्यालाच ठरवू द्यावे. टायरच्या यंत्राची आरटीओ नोंदणी, विमा, वॉरंटीच्या अटी आणि ऑपरेटरचे प्रशिक्षण या गोष्टी ऑर्डर देण्यापूर्वी लेखी घ्याव्यात. पुढे यंत्र विकताना सर्व्हिसच्या पूर्ण नोंदी आणि अवर मीटरचा खरा आकडा यांवरच भाव ठरतो, म्हणून त्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात.