दहापैकी सात वेळा चुकला, तरी शाबास!

बालमित्रांनो, एक कोडं घालतो. असा कोणता खेळ आहे, ज्यात दहापैकी सात वेळा फसणाऱ्या फलंदाजालासुद्धा लोक डोक्यावर घेतात? क्रिकेट? छे! उत्तर आहे बेसबॉल.

"पण आम्ही बोरगाव मेघेची मुलं, आम्हाला बेसबॉल कुठं दिसणार?" असं कुणी म्हणेल. अहो, आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि त्याचा धाकटा भाऊ सॉफ्टबॉल, दोन्ही असतात. आणि वर्धा शहर तर तुमच्या गावाला लागूनच! जवळपास सामना कधी आहे ते क्रीडाशिक्षकांना विचारा आणि आई-बाबांसह तो दिवस राखून ठेवा. सकाळी सामना, संध्याकाळी खंजिरीचं भजन. जोडी विचित्र वाटते ना? थांबा, गंमत पुढं आहे.

मैदानावर काय बघाल? चार कोपऱ्यांचा एक चौक असतो. त्या कोपऱ्यांना म्हणतात बेस. एका बेसपासून दुसरा ९० फुटांवर. चेंडू टाकणारा पिचर साधारण साडेसाठ फुटांवरून चेंडू फेकतो, तोही टप्पा न पाडता! फलंदाजाला तो समोरच्या दोन रेषांच्या आतच मारावा लागतो. क्रिकेटमधला सुंदर लेट कट इथं मारलात, तर पंच म्हणतील, "फाउल!" तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. तिघे बाद झाले की डाव दुसऱ्यांचा. चारही बेस फिरून परत घरी आलात, तर एक रन.

गोल बॅटनं गोल चेंडू मारायचा, म्हणजे चुका होणारच. अमेरिकेचा टेड विल्यम्स १९४१ साली .४०६ या सरासरीनं खेळला. म्हणजे शंभर संधींत जेमतेम ४१ फटके. उरलेल्या ५९ वेळा त्याला हात हलवत परतावं लागलं. तरीही त्याची गणना थोर फलंदाजांत होते!

आता संध्याकाळ. विदर्भात खंजिरी म्हटली की आठवतात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. ते नुसतं गात नसत. भजन म्हणता म्हणता थांबून लोकांशी बोलत, पुन्हा खंजिरी वाजवत. १९३६ साली गांधीजींनी त्यांना बोलावलं, तेव्हा ते सुमारे महिनाभर सेवाग्रामला राहिले होते. म्हणजे तुमच्या अगदी शेजारीच. शाळा त्यांनी लहानपणीच सोडली होती, पण १९५५ साली हीच खंजिरी घेऊन ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले.

तुमच्या भागातल्या एखाद्या भजनीबुवांच्या पुढ्यात बसा. वाजवणं ऐका, मग हळूच विचारा, "काका, तुमचा ताल पहिल्यांदा कधी चुकला होता?" बघा, ते खुलून बोलतील. चुकलेल्या ठेक्याची आठवण नाही, असा वादक विरळाच. चुकला, पुन्हा पहिल्यापासून वाजवला, म्हणून तर हात बसला!

सकाळचा फलंदाज आणि संध्याकाळचे बुवा एकच गोष्ट सांगतात. चुकणं हा शिकण्याचाच भाग आहे. मग गणिताच्या पेपरात दोन उदाहरणं चुकली म्हणून वही लपवून का ठेवायची?

आई-बाबांनाही एक विनंती. मूल खेळून आलं की "जिंकलास का?" हा प्रश्न जरा मागं ठेवा. आधी विचारा, "आज मजा कशात आली?"

आणि ज्या जपानला ती खंजिरी गेली, तिथलीच एक गोष्ट. तिथं बेसबॉल १८७२च्या सुमारास एका अमेरिकन शिक्षकानं नेला. आज कोशिएन मैदानावरची शालेय स्पर्धा सारा देश बघतो. त्या स्पर्धेत हरलेल्या संघाची मुलं रडतात, मग वाकून मैदानातली मूठभर माती पिशवीत भरतात आणि घरी नेतात. हरल्याची लाज म्हणून नव्हे, तर आपण इथवर आलो होतो, याची आठवण म्हणून!

आपली काळी माती तर हाताला चिकटतेच. पुढच्या वेळी हरलात, तर ती झटकायची घाई करू नका.