पन्नास रुपयांचा कंदील आणि ८४ लाख वर्षं

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, तेव्हा तिच्यात ४०० प्रवासी होते. आता हा आकडा ऐका. जून २०२५मध्ये ‘ग्रो अ गार्डन’ नावाच्या एकाच खेळात, एकाच क्षणी, २ कोटी १० लाखांहून जास्त माणसं बागकाम करत होती! त्या सगळ्यांना त्या पहिल्या गाडीने ठाण्याला आणायचं, तर ५२,५०० फेऱ्या. बरं, आपली बारा डब्यांची लोकल घेऊ, तीही सकाळी आठची, डोंबिवलीला पाय ठेवायला जागा नसते ती. धरा ५,००० माणसं. तरी ४,२०० लोकल लागतील. एकीला एक चिकटून उभ्या केल्या, तर मुंबई-पुणे लोहमार्ग पाच वेळा भरून वर गाड्या उरतील!

आणि या खेळाची पहिली आवृत्ती कुणी केली? एका किशोरवयीन मुलाने, काही दिवसांत.

हा खेळ ज्यावर चालतो, त्या रोबलॉक्स या ऑनलाइन मंचाची सगळी जादू इथेच आहे. कंपनी मैदान देते, खेळ मात्र खेळणारेच रचतात. एक्सबॉक्सवर २०१५पासून, प्लेस्टेशनवर २०२३पासून, फोनवर तर आहेच. फोर्टनाइट या खेळानेही हाच रस्ता धरला आणि २०२४मध्ये आपल्या रचनाकारांना ३५ कोटी डॉलर वाटले. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने तिथे भारतीय थाटाचे नकाशे उभे केलेत.

पण पैसा येतो कसा? चिल्लरीने. समजा, डोंबिवलीतल्या नववीतल्या एका मुलीने रोबलॉक्सवर फडके रोडवरची दिवाळी पहाट रचली. रांगोळ्या, गर्दी, ढोल. आत एक कंदील ठेवला, किंमत ५० रोबक्स, म्हणजे रोबलॉक्सचं आभासी चलन. एक रोबक्स साधारण एका रुपयाला पडतो, म्हणजे कंदील पन्नास रुपयांचा. रोबलॉक्सचा वाटा ३० टक्के, तिच्या खात्यात ३५ रोबक्स. ते रोख करायला गेलं, तर २०२४च्या दराने रोबक्समागे सुमारे ३० पैसे. पन्नासातले तिच्या हाती दहा रुपये! आणि किमान ३०,००० रोबक्स कमावल्याशिवाय रोख मिळतच नाही. म्हणजे ८५८ कंदील. हा वाटा मला फारच तोकडा वाटतो, पण थेंबे थेंबे तळे साचतं ते किती, ते बघा.

२०२४मध्ये रोबलॉक्सने रचनाकारांना दिले ९२ कोटी ३० लाख डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरा: ७,८४५ कोटी रुपये! ठाणे शहर आणि कल्याण-डोंबिवली, २०११च्या जनगणनेनुसार मिळून जवळजवळ ३१ लाख माणसं. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या हातावर २५ हजार रुपये ठेवता येतील. पाचशेच्या नोटा लांबीने एकापुढे एक मांडा: २३,५०० किलोमीटर. मुंबईहून पुण्याला रेल्वेने जाऊन परत यायचं, तेही साठ वेळा, नोटांवरून! रोबक्समध्ये मोजलं, तर ही रक्कम २६ हजार कोटी रोबक्सची. वर्षभर, दिवसरात्र, सेकंदाला आठ हजारांवर!

आता वेळ. २०२४मध्ये लोकांनी रोबलॉक्सवर घालवले ७,३५० कोटी तास. मुंबईच्या लोकलने रोज साधारण ७५ लाख प्रवासी जातात. प्रत्येकाचा प्रवास कल्याण ते सीएसएमटी फास्ट गाडीइतका, म्हणजे तासाभराचा धरला, तरी एवढे तास भरायला लोकलला २७ वर्षं रोज धावावं लागेल, एकही मेगाब्लॉक न घेता. आणि वर्षांत मोजलं तर? जवळजवळ ८४ लाख वर्षं! चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा, एकेका योनीला एकेक वर्ष, अख्खा पुरा होईल. खेळणाऱ्यांनीच रचलेल्या खेळांत. एका वर्षात!

ठाण्या-डोंबिवलीच्या आईबाबांनो, पोरगं पुढच्या वेळी कंदिलाला पन्नास रुपये मागेल, तेव्हा त्याला एकदा रोबलॉक्स स्टुडिओ उघडून द्या. कंदील रचायची ती जागा फुकट आहे.