गाय गाभडते तेव्हा

सात महिन्यांची गाभण गाय रात्रीतून गाभडते. सकाळी गोठ्यात मेलेलं वासरू पडलेलं असतं आणि वार अडकलेली असते. जनावरांचे डॉक्टर दुपारशिवाय येणार नाहीत आणि तोवर थांबलं तर गाय तापेल, दूध बसेल अशी धास्ती असते. म्हणून घरातलाच कुणी बाह्या सरसावतो, उघडा हात कोपरापर्यंत आत घालतो आणि वार सोडवून काढतो. वासरू उकिरड्यामागे नाहीतर कॅनॉलच्या कडेला टाकलं जातं. वार पोत्यात बांधून वडाला टांगायची जुनी रीतही काही घरं पाळतात. चिकाच्या झाडाला वार बांधली की गाईला दूध वाढतं, अशी समजूत. मग बादलीत हात खळबळून तोच माणूस शेजारच्या गाईची धार काढायला बसतो.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ज्याच्या दावणीला चार गाई आहेत, त्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही. पण दोन-चार आठवड्यांनी त्याच माणसाला बारीक ताप धरतो, तेव्हा त्या सकाळची आठवण सहसा कुणाला होत नाही. तो स्वतः सांगत नाही, डॉक्टरही विचारत नाहीत.

ताप तसा दांडगा नसतो. संध्याकाळी कणकण येते, रात्री घामानं अंथरूण ओलं होतं, सकाळी माणूस पुन्हा उसात पाणी धरायला जाण्याइतपत बरा असतो. कंबर धरते, सांधे दुखतात, भूक जाते, वजन उतरत जातं. काही पुरुषांचं वृषण सुजतं. ते लाजेपोटी कुणाजवळ बोलत नाहीत. गावात सलाइन लागते, टायफॉइडची टेस्ट होते, आठ दिवसांच्या गोळ्या मिळतात. ताप उतरतो आणि पंधरा दिवसांनी परत येतो. मग मलेरिया, डेंग्यू, मग क्षयाची शंका. कंबरदुखी फारच वाढली तर मणक्याचा एमआरआय. महिनेच्या महिने असे जातात, आणि ज्या घराचं सगळं दोन वेळच्या धारेवर चालतं तिथं कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला असतो.

या आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. गाईंच्या बाबतीत पशुवैद्यक त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. ब्रुसेला या जिवाणूची खोड अशी, की शरीरातल्या ज्या पेशी जंतूंना गिळून मारतात, त्यांच्याच पोटात तो जिवंत राहतो आणि वाढतो. गाभण गाईच्या गर्भाशयात त्याला खास खाद्य मिळतं. गाय, शेळी, मेंढी यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो आणि त्यावर हा जिवाणू फार जोमानं वाढतो. म्हणून गाय गाभडते ती बहुधा पाचव्या महिन्यानंतर. त्या वेळी बाहेर पडणारं वासरू, वार आणि पाणी जिवाणूंनी अक्षरशः भरलेलं असतं. हातावरचा ओरखडा, डोळ्यात उडालेला थेंब, श्वासातून गेलेले तुषार, एवढं त्याला माणसात शिरायला पुरतं. बांधावर उसाच्या पानानं कापलेले हात तर इथं घराघरांत आहेत.

प्रत्येक गाभडणं ब्रुसेलाचंच असतं असं नाही. लेप्टोस्पायरा हा जिवाणू, काही विषाणू, बुरशी लागलेला चारा, उन्हाचा ताण, धडपड, अशी कारणं बरीच आहेत. मात्र तपासणी होईपर्यंत ते ब्रुसेलाचं आहे असं धरूनच वागावं. कारण शेतकऱ्याची खरी फसगत पुढे होते. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेताला बहुतेक वेळा दिवस पूर्ण भरून व्यते. मालकाला वाटतं, गेल्या खेपेला नजर लागली असेल, आता गाय सुधारली. प्रत्यक्षात ती पुढे वर्षानुवर्षं, बहुधा आयुष्यभर, दुधातून आणि प्रत्येक वेताच्या वेळी जिवाणू बाहेर टाकत राहते. गोठ्यातली सर्वांत धडधाकट दिसणारी गायच सगळ्या दावणीला रोग देत असते.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानं या भागात ऊस आणला आणि उसाच्या वाढ्यांवर, पुढे मुरघासावर गाई आल्या. १९७१ साली बारामतीत स्थापन झालेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टसारख्या संस्थांनी संकरित गाई शेतकऱ्यांच्या दारात नेल्या. आज इथलं दूध भुकटी, चीज आणि पिशव्यांच्या रूपानं कुठल्या कुठे जातं. जिरायत टापूतल्या घरांना दर दहा दिवसांनी हातात पैसा देणारा हाच धंदा, आणि त्याची किंमत मी मुळीच कमी करत नाही. पण गावरान गाईंच्या काळात दावणीला एखाद-दुसरं जनावर असायचं आणि ते घरच्याच पैदाशीचं असायचं. आता दहा-वीस होल्स्टिन फ्रिजियन गाई एका शेडमध्ये उभ्या असतात. त्यांतल्या काही लोणी, काष्टीच्या बाजारातून आलेल्या असतात, आणि त्या आधी कुठल्या दावणीला होत्या हे कुणालाच माहीत नसतं. ब्रुसेलाला पसरायला याहून सोयीचं काही नाही.

मेंढरांचा विचार वेगळा करायला हवा. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, इतकी मेंढरं या मुलखाच्या जगण्यात मिसळलेली आहेत. शेळ्या-मेंढ्यांमधला ब्रुसेला मेलिटेन्सिस हा प्रकार माणसाला गाईतल्या प्रकारापेक्षा जास्त छळतो. मेंढपाळांच्या वाड्यावर डॉक्टर क्वचितच पोचतो. कोकरू अडलं तर हात घरच्याच बाईचा किंवा पोराचा असतो. शेळीचं निरसं दूध अंगी लागतं म्हणून लेकरांना तसंच पाजायची सवयही अजून आहे.

दुधाबद्दल एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला उगाच धडकी भरेल. ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद दूध तापवलं की ब्रुसेला मरतो. पाश्चराइज्ड पिशवीतलं किंवा आपल्या घरात उतू जाईपर्यंत तापवलेलं दूध, त्याचं दही, ताक, तूप यांची चिंता नको. खरवस शिजवलेला असतो. धोका आहे तो कासेखाली भांडं धरून प्यालेल्या धारोष्ण दुधात. पहिलवानी खुराक म्हणून त्याचं कौतुक होतं. ते थांबलं पाहिजे. तरीही, दूध तापवायची आपली सवय पाहता, इथल्या शेतकऱ्याला रोग लागतो तो बहुतांशी हातातून.

या रोगाचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला फार खुपते. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक लांबत जाणाऱ्या तापानं आजारी पडत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं मृत सैनिकांच्या प्लीहेत जिवाणू शोधला. तो येतो कुठून हे कळायला पुढे १८ वर्षं गेली. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट यांना तो बेटावरच्या शेळ्यांमध्ये सापडला, आणि शेळ्या तर वरून अगदी निरोगी दिसत होत्या. १९०६ मध्ये फौजेचं शेळीचं दूध बंद झालं आणि सैनिकांमधला ताप झपाट्यानं ओसरला. दरम्यान १८९७ मध्ये डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी गाईंच्या गर्भपाताचा जिवाणू वेगळा काढला होता. हे दोन्ही जिवाणू एकाच कुळातले, हे दाखवायला १९१८ साली अमेरिकेतल्या ॲलिस इव्हान्स यांना पुढे यावं लागलं, आणि त्यांचं म्हणणंही कित्येक वर्षं मानलं गेलं नाही. माणसांचे डॉक्टर माणसाकडे पाहत होते, गुरांचे डॉक्टर गुरांकडे.

आपल्याकडे आजही नेमकं तेच चाललं आहे, आणि तेही सगळं हाताशी असताना. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, २०१९ मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कृषी विज्ञान केंद्र आहे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा. पण गाईचा अहवाल एका खात्यात राहतो आणि माणसाचा केसपेपर दुसऱ्या. गोठ्यात ब्रुसेला सापडल्यावर त्या घरातल्या माणसांचं रक्त तपासलं जाईलच, अशी पक्की व्यवस्था नाही. उलट बाजूनंही नाही.

खरं तर सुरुवात चार प्रश्नांनी होऊ शकते. दोन आठवड्यांहून जास्त ताप असलेला माणूस समोर बसला की डॉक्टरांनी विचारावं: घरी जनावरं आहेत का? गेल्या सहा महिन्यांत एखादी गाभडली का? वार कुणी काढली? निरसं दूध पिता का? सहा महिने एवढ्यासाठी, की लागण झाल्यावर लक्षणं साधारण दोन ते चार आठवड्यांत दिसतात, पण कधीकधी पाच महिनेही लागतात. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तर रोग्यानं आपण होऊन सांगावं.

पहिली तपासणी अवघड नाही. रोझ बंगाल चाचणीत पांढऱ्या फरशीवर किंवा कार्डावर रक्तातल्या पाण्याचा, म्हणजे सीरमचा, एक थेंब ठेवतात, शेजारी गुलाबी रंगाच्या द्रावणाचा एक थेंब. काडीनं दोन्ही मिसळून कार्ड हलकेच हलवत राहायचं. प्रतिपिंडं असतील तर चार मिनिटांच्या आत त्या गुलाबी पाण्यात बारीक दाणे धरतात. नसतील तर ते एकसारखं गुलाबीच राहतं. गाईच्या रक्ताला हीच चाचणी, माणसाच्या रक्तालाही हीच. पुढे खात्रीसाठी ट्यूब ॲग्लुटिनेशन किंवा एलायझा करतात. रक्तातून जिवाणू वाढवायचा असेल तर प्रयोगशाळेला ब्रुसेलाची शंका आधी कळवलीच पाहिजे. एक तर तो सावकाश वाढतो, आणि दुसरं म्हणजे नमुना हाताळणाऱ्या तंत्रज्ञालाच त्याची लागण होऊ शकते.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. मोठ्या माणसांना साधारणपणे डॉक्सीसायक्लिन सहा आठवडे आणि त्याच्या जोडीला रिफॅम्पिसिन सहा आठवडे, किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दोन-तीन आठवडे, असा क्रम असतो. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी औषधं वेगळी. दोन औषधं आणि इतके दिवस का? जिवाणू पेशींच्या आत लपलेला असतो, तिथपर्यंत औषध पोचवत राहावं लागतं. एकाच गोळीवर भागवलं किंवा दहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून औषध सोडलं, तर ताप उलटतो. रिफॅम्पिसिन हे क्षयाचंही मुख्य औषध आहे. म्हणून क्षय नाही याची खात्री न करता ते अर्धवट देणं म्हणजे एका रोगाच्या नादात दुसऱ्याचं औषध बोथट करणं. ही औषधं दुकानातून परस्पर आणायची नाहीत. दुर्लक्षामुळे रोग हृदयाच्या झडपांपर्यंत गेला तर जिवावर बेततं. तसं क्वचित होतं, पण होतं.

माणसासाठी लस नाही. वासरांसाठी आहे. एस-१९ नावाची ही लस कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच द्यायची. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकुताबरोबर तिचाही समावेश आहे आणि सरकार ती फुकट देतं. गाभण गाईला ती देत नाहीत, नर वासरांनाही नाही. लसीत जिवंत जिवाणू असतो, सुई टोचणाऱ्याच्या बोटात गेली तर त्याला आजार होऊ शकतो. त्यामुळे हे काम हातमोजे आणि चष्मा घालून पशुवैद्यकानंच करायचं. चार ते आठ महिन्यांची ही मुदत भराभर निघून जाते. लाळ-खुरकुताच्या लसीला गोठ्यात सगळ्या गाई उभ्या केल्या जातात, कालवडीच्या या एका टोचणीची मात्र आठवण राहत नाही. टॅग मारतानाच तारीख लिहून ठेवावी.

गाभडलेल्या गाईला वेगळं बांधावं. वासरू, वार आणि खालचा भुसा खोल खड्ड्यात चुन्यासकट पुरावा, इतका खोल की कुत्री उकरणार नाहीत. सावलीतल्या ओलीत हा जिवाणू महिनोन्महिने तग धरतो. वडाला टांगलेली वार कावळे ओढतात, कॅनॉलकडेचं वासरू कुत्री चार दावणी पलीकडे नेतात. लांब हातमोजे मिळाले नाहीत तर वार ओढूच नये, १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची वाट पाहावी.

सगळ्यांत अवघड प्रश्न रोगी ठरलेल्या गाईचा. तिच्यावर खात्रीचा उपचार नाही. परदेशांत अशी जनावरं कळपातून काढून मारली गेली. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार रोगी जनावर बाजारात नेता येत नाही. मग लाखाच्या घरातली गाय शेतकऱ्यानं करायची काय? कर्ज डोक्यावर असलेला माणूस रक्ताचा अहवाल कुणाला दाखवत नाही, पुढच्या बाजारी गाय विकतो आणि रोग दुसऱ्या गावाला जातो. त्याला दोष देऊन भागणार नाही. भरपाई आणि अशा गाई वेगळ्या सांभाळायची जागा यांची तजवीज होत नाही तोवर शेतकरी तपासणीपासून लांबच राहील.

निदान रोग कुठल्या गावात आहे एवढं तरी स्वस्तात कळू शकतं. संकलन केंद्रावर रोज फॅट आणि एसएनएफसाठी नमुने घेतले जातातच. गाईंच्या एकत्रित दुधावर मिल्क रिंग चाचणी करता येते: दुधात रंगवलेल्या प्रतिजनाचा थेंब टाकून ठेवलं की रोग असल्यास वर आलेल्या सायीचं कडं निळं-जांभळं दिसतं, नसल्यास साय पांढरी राहून खालचं दूध रंगतं. ज्या केंद्राचं कडं रंगेल तिथल्या गोठ्यांचं रक्त घ्यायचं. दूध संघांनी आणि खासगी डेअऱ्यांनी वर्षातून दोन-तीनदा हे केलं, गावाच्या नावाचा बोभाटा न करता पशुसंवर्धन खात्याला आणि आरोग्य केंद्राला एकाच वेळी कळवलं, तर डॉक्टरला ताप पाहतानाच अंदाज येईल.

आणि ज्यांचं निदान झालं आहे त्यांच्यासाठी: सहा आठवडे पुरे झाल्यावरही पहिले सहा महिने जपून राहा. उलटणारा ताप बहुधा याच काळात उलटतो, तेव्हा लगेच त्याच डॉक्टरांकडे जा. त्या गोठ्यात ज्यांनी हात घातला, शेण काढलं, धार काढली त्या घरातल्या सगळ्यांचं, गड्याचंही, रक्त एकदा तपासून घ्या.