बाळंतपणात इजा झालेल्या लेकराचा उपचार: कोणती योजना कुठे कामाला येते?

लेकरू वर्षाचं झालं, पण अजून मान धरत नाही. डॉक्टर म्हणतात, आठवड्यातून दोन-तीनदा फिजिओथेरपीला आणा. अब्बा केशरी रेशनकार्ड पुढे करतात, तर उत्तर मिळतं, "यावर हे बसत नाही." मग घरात एकच सवाल उरतो: पाच लाखांच्या उपचाराची एवढी जाहिरात होते, ती आमच्या लेकरासाठी नाही का?

योजना खरी आहे आणि त्या लेकराचा हकही खरा आहे. फक्त एकाच कार्डावर सगळा खर्च भागत नाही. ऑपरेशनसाठी आणि भरती होण्यासाठी एक योजना आहे, रोजच्या व्यायामासाठी दुसरी. हा फरक समजला की निम्मी धावपळ वाचते.

आधी इजा कोणती ते समजून घ्या

बाळंतपणात होणाऱ्या इजांपैकी दोन प्रकार आपण नीट ओळखायला हवेत. बाळ अडकून राहिलं, उशिरा रडलं, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, तर मेंदूला इजा होऊ शकते. त्यातून पुढे सेरेब्रल पाल्सी होते. मात्र सेरेब्रल पाल्सीचं प्रत्येक मूल बाळंतपणातल्या इजेमुळेच तसं झालं असं नाही. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जंतुसंसर्ग, जास्त वाढलेली कावीळ ही कारणंही असतात.

दुसरा प्रकार म्हणजे बाळाचा खांदा अडकून हाताच्या नसा ताणल्या जाणं. हात लुळा पडतो. पुष्कळ बाळं पहिल्या काही महिन्यांत बरी होतात. पण तीन महिन्यांच्या आसपास बाळ कोपर वाकवत नसेल, तर तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवाच. अशा ऑपरेशनची वेळ निघून गेली तर फायदा कमी होतो.

भरतीसाठी: जन आरोग्य योजना

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते. 2024 पासून राज्यातल्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतो. हे पैसे पूर्ण कुटुंबाचे मिळून असतात, माणशी नाही. कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. आधी त्याच्याकडे जा, यादीतला उपचार आहे का ते विचारा, मंजुरी घ्या. शंका असेल तर 155388 वर फोन लावा.

ही योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. बाह्यरुग्ण विभागातली वर्षानुवर्षांची फिजिओथेरपी किंवा बोलण्याचे व्यायाम यात निघतील अशी आशा धरू नका. नकार मिळतो तो बहुतेक इथेच.

व्यायामासाठी: निरामय

नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 सालचा. तो चार प्रकारच्या अपंगत्वासाठी आहे: सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविध अपंगत्व. त्याखालची निरामय आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च देते. वयाची अट नाही, विम्याआधी मेडिकल तपासणी नाही. भरतीबरोबर ओपीडी, औषधं, थेरपी आणि जाण्यायेण्याचा खर्चही यात धरतात, पण प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा असते.

पैसे आधी आपण भरायचे, नंतर बिलं देऊन परत मागायचे. म्हणून पक्कं बिल, डॉक्टरची चिठ्ठी आणि थेरपीच्या तारखा जपून ठेवा. अर्ज नॅशनल ट्रस्टकडे, त्यांच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत होतो. वर्षाचं शुल्क थोडं आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना त्याहून कमी.

हाताच्या नसांची इजा असलेलं मूल या चार प्रकारांत येत नाही. त्याला निरामय मिळत नाही. त्याच्यासाठी जन आरोग्य योजना, सरकारी दवाखाना आणि दिव्यांग प्रमाणपत्र हाच रस्ता.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि तपासणी

निरामयसाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागतंच. अर्ज यूडीआयडीच्या पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. मूल लहान असेल तर ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, पुढे पुन्हा तपासणी होते. "अजून लहान आहे, बघू" म्हणत थांबू नका.

शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. आशाताईला सांगितलं तर ती मुलाची नोंद करून पुढे पाठवते. मोठ्या तपासणीसाठी बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी

दिवाळीच्या सुमारास गेलेली जोडपी मार्च-एप्रिलमध्ये परततात. निरामयचं वर्ष 31 मार्चला संपतं. म्हणजे नूतनीकरणाची वेळ आणि फडावरची शेवटची घाई एकदमच येते. हे काम निघायच्या आधीच घरातल्या कुणाकडे तरी सोपवून जा. बाळंतपण तिकडे झालं असेल, तर डिस्चार्ज कार्ड आणि जन्मनोंदीचा कागद कोपीत ठेवू नका. त्याचे फोटो काढून मोबाईलमध्ये आणि गावाकडच्या माणसाकडे ठेवा. बाळ कधी रडलं, काचेच्या पेटीत किती दिवस होतं, हे त्या कार्डावर असतं. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ते लागतं.

खाजगी कंपनीचा विमा

खाजगी विमा शरीअतच्या हिशेबाने घ्यावा की नाही, याचा मसला आपल्या मुफ्तींना विचारा. ज्यांनी घेतला आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. बऱ्याच पॉलिसींत नवजात बाळ 90 दिवसांनंतरच जोडलं जातं. फॉर्मवर मुलाचा आजार लपवू नका, पुढे क्लेम अडकतो. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत 2024 च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. विमा नियामकाने 2023 मध्ये प्रत्येक आरोग्य विमा कंपनीला दिव्यांगांसाठी पॉलिसी ठेवणं बंधनकारक केलं आहे. तेव्हा "दिव्यांगांना आम्ही देतच नाही" हे उत्तर चालत नाही.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. "जन्मजात दोष" असं लिहिलं असेल, तर थांबा. बाळंतपणात झालेली इजा आणि पोटात असतानाच असलेला दोष, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. इतर कोर्टकामासाठी महिलांना आणि दिव्यांगांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

मोहल्ल्याने काय करावं?

अशा लेकरांच्या अम्मीला लोक फार बोलतात. नजर लागली म्हणतात, तिचीच चूक काढतात. हे बंद व्हायला पाहिजे. आपल्या मशिदीत जुम्याच्या नमाजनंतर दोन शिकलेल्या पोरांनी बसून यूडीआयडीचे आणि निरामयचे फॉर्म भरून दिले, तर कितीतरी घरांचा रोज बुडायचा वाचेल. निरामयचे पैसे परत येईपर्यंत थेरपीची फी कुणीतरी भरावी लागते. ज्या कुटुंबाला जकात लागू होते, त्याच्यासाठी बैतुलमालने हाही खर्च धरावा, अशी आमची विनंती आहे.

व्यायाम जितका लवकर सुरू होईल तितकं लेकरू जास्त शिकतं. आपल्या ओळखीत असं मूल असेल तर या जुम्याला त्याच्या घरी जा आणि पहिला सवाल हाच विचारा: प्रमाणपत्र काढलं का?