महेशचंद्रांची तिसरी खेळी

मे १८५५ मध्यें कलकत्त्यास जॉन कॉक्रेन व महेशचंद्र बॅनर्जी यांचा बुद्धिबळाचा एक डाव झाला. महेशचंद्रांचीं मोहरीं काळीं. त्यांनीं प्रथम राजाकडील घोडा काढिला. मग त्या बाजूच्या घोड्याचें प्यादें एक घर सारून उंटास वाट केली. आणि तिसऱ्या खेळींत वजिराचें प्यादें दोन घरें पुढें घातलें. प्रतिपक्षास पटाचा मध्य व्यापूं द्यावा आणि दुरून उंटानें त्यावर मारा करावा, हें या रचनेचें मर्म होय. तो डाव कॉक्रेनसाहेबांनीं जिंकिला. वजीर देऊन घोड्यानें मात करण्याचा मार्ग त्यांस सांपडला. पुढें १९२२ मध्यें अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनीं हीच रचना योजिली व ती त्यांच्याच नांवानें रूढ झाली. घरांतील मुलें ती मांडतील, तेव्हां त्यांस महेशचंद्रांचें नांवही अवश्य सांगावें.