सिंक दाबलं म्हणजे ताल जुळला?

गाणं सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की काही क्षणांत बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांचा आकडा दिसतो. पुढे दशांश चिन्ह, त्यापुढे आणखी दोन अंक. ट्रॅक्टर असो, सेराटो असो की एबलटन लाइव्ह, तो आकडा इतका नेमका दिसतो की तो मोजून काढला आहे असंच कुणालाही वाटावं. खरं म्हणजे तो अंदाज असतो. बहुतेक वेळा उत्तम अंदाज, पण अंदाजच.

सॉफ्टवेअरला ताल ‘ऐकू येतो’, या समजुतीतून बाकीचे गैरसमज निघतात. ते ध्वनीचे काही मिलिसेकंदांचे तुकडे करतं आणि कोणत्या तुकड्यात आवाजाची ऊर्जा एकदम उसळली ते पाहतं. ड्रमचा ठोका, ढोलकीची थाप, तारेवरचा आघात अशा ठिकाणी ती उसळते. मग या उसळ्यांमधलं कोणतं अंतर पुन्हा पुन्हा येतं, याचा शोध सुरू होतो. डॅन एलिस यांनी २००७ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. ठोके जोरदार आघातांवर पडावेत आणि त्यांच्यातलं अंतरही शक्य तितकं सारखं राहावं, या दोन्ही अटी जास्तीत जास्त पाळणारी मांडणी ती निवडते. अलीकडची सॉफ्टवेअरं ठोक्यांच्या खुणा केलेल्या गाण्यांवर शिकवलेली न्यूरल नेटवर्क वापरतात. उत्तर मात्र ‘सर्वांत संभाव्य’ एवढंच असतं.

म्हणूनच ७० ची गती १४० दिसते किंवा १४० ची ७०. अशा गाण्यात दोन्ही अंतरं खरोखर असतात. मांडीवर ताल धरणारी दोन माणसंही कधी कधी अशीच वेगळी पडतात. एबलटनमध्ये गती अर्धी किंवा दुप्पट करण्याची छोटी बटणं ठेवली आहेत, ती याचसाठी.

आकडा बरोबर आला तरी काम संपत नाही. समजा, एका गाण्याची गती १२८ आहे आणि दुसऱ्याची १२८.१ असताना सॉफ्टवेअरने तीही १२८ धरली. पहिल्या मिनिटाअखेर दोन्ही ठोक्यांत सुमारे ४७ मिलिसेकंदांचं अंतर पडतं आणि ठोका दुहेरी वाजल्यासारखा वाटू लागतो. पाचव्या मिनिटाला एका गाण्याचा ठोका दुसऱ्याच्या बरोब्बर दोन ठोक्यांमध्ये पडतो. शिवाय ठोका सापडला तरी त्यातला पहिला कोणता, हा प्रश्न उरतोच. ही सॉफ्टवेअरं सहसा चार ठोक्यांचं माप गृहीत धरतात. सहा मात्रांचा दादरा, मात्रेला एक ठोका धरून, त्या मापात बसवला तर पहिली सम पहिल्या ठोक्यावर, पुढची तिसऱ्यावर आणि त्यानंतरची परत पहिल्यावर येते. केरवा आठ मात्रांचा असल्यामुळे निमूट बसतो.

दुसरी पक्की समजूत अशी की गती वाढवली की पट्टी चढणारच. तबकडीवर ते खरंच होतं. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या १९७९ च्या टर्नटेबलवर गती आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता यायची. साधारण सहा टक्के वाढवली की काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये जायचं. पट्टी तशीच ठेवून गती बदलण्याचा एक मार्ग बेल लॅब्समधल्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ मध्येच फेज व्होकोडरच्या रूपाने दाखवला होता. पण म्हणून ही सोय फुकटची समजू नये. ताण जास्त पडला की आघातांच्या कडा विरघळतात, गळा धातूच्या नळीतून आल्यासारखा होतो. एबलटनमध्ये तालवाद्यांसाठी बीट्स, एकट्या गळ्यासाठी टोन्स, भरगच्च गाण्यासाठी कॉम्प्लेक्स अशा वेगवेगळ्या रीती आहेत. रीती न बदलता सगळी गाणी सरसकट बीट्सवर ताणली की आलापाचे तुकडे पडतात, आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

सर्वांत मोठी फसगत जुन्या ध्वनिमुद्रणांत होते. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली, तेव्हा राग होते भारतीय, पण लय चालवत होतं रोलँडचं टीआर-८०८ हे यंत्र. अशा संगीतावर समान अंतराच्या रेघा मारणं सोपं. त्याआधीच्या काळातलं चित्रपटगीत मात्र अख्खा वाद्यवृंद एकत्र बसून वाजवत असे आणि लय माणसांच्या हातात असे. अंतऱ्याकडे ती किंचित चढते, मुखड्यावर सावरते. त्यावर एकच आकडा लादला की सुरुवात जुळते आणि शेवट सुटतो. उपाय म्हणजे कानाने ऐकत, दर काही मात्रांनी हाताने वॉर्प मार्कर, म्हणजे ठोका नेमका कुठे पडतो याची खूण, लावत जाणं. विलंबित एकतालात तर बारा मात्रांच्या आवर्तनाला मिनिटभरही लागू शकतो. सॉफ्टवेअर मात्रा सोडून तबल्याच्या ‘तिरकिट’लाच ठोका समजून बसतं. त्यासाठी खास पद्धती लागतात. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेर्रा यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पात हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीताचं आवर्तन व सम संगणकाने ओळखावी, यावर काम झालं.

दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं सिंकचं बटण वापरणारा डीजे फसवतो, हा आरोपही तपासायला हवा. न्यूयॉर्कच्या ‘सँक्च्युअरी’ क्लबात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस ग्रासो दोन तबकड्यांचे ठोके कानाने जुळवत असे. ते कौशल्य मोठंच, आणि शिकण्यासारखं. पण कोणतं गाणं कोणत्या क्षणी आत घ्यायचं, दोघांच्या पट्ट्या एकमेकींना मानवतात का, समोरची माणसं दमली आहेत की पेटली आहेत, हे त्या बटणाला ठरवता येत नाही.

खरा गुन्हा वेगळाच आहे: हातांनी वाजवलेल्या गाण्याची लय रेघेवर ठोकून सरळ करणं. ढोलकीवाला समेआधी जी सूक्ष्म ओढ देतो, ती या दुरुस्तीत पहिल्यांदा जाते. तिला वाचवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे. एबलटनमध्ये एखाद्या क्लिपला ‘लीडर’ केलं की बाकीचा सगळा प्रकल्प तिच्या लयीमागे चालतो, आणि २०२१ मध्ये आलेल्या लाइव्ह ११ पासून तर माइकमधून येणाऱ्या वादकाच्या गतीमागेही प्रकल्प आपला वेग जुळवत जातो.